तुटक रेघ

सलग रेघेला विचारावं असं फारसं काही नसतं. इथून निघाली, तिथे पोचली. डांबरी रस्ता, कालवा, धरणाची भिंत. जे आहे ते आहे. काम सुरू होतं ते रेघ तोडायची वेळ येते तेव्हा. कुठे तोडायची, किती तोडायची, मधे किती मोकळं ठेवायचं, आणि त्या मोकळ्या जागेतून नकाशा बघणाऱ्याला काय कळायला हवं.

मी नकाशे काढते. देशांचे, राज्यांचे नव्हेत. एखाद्या गावाचे, एका खोऱ्याचे, दोन-तीन घाटवाटांचे. कुणी आपल्या गावाचा इतिहास लिहीत असतं, कुणाला देवराईची नोंद ठेवायची असते, कुणी किल्ल्यावर छोटी पुस्तिका काढत असतं. अशा नकाशांत डोंगर थोडे आणि वाटा फार. मूळ आराखडा इंकस्केपमध्ये होतो, रंगाचं आणि पोताचं शेवटचं काम गिंपमध्ये. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

इंकस्केपमध्ये रेघेची जाडी ठरवायच्या रकान्याजवळ एक छोटी यादी उघडते. तिच्यात तयार रेघा एकीखाली एक मांडलेल्या असतात. सलग. ठिपक्यांची. आखूड तुकड्यांची. लांब तुकड्यांची. एक लांब तुकडा, एक ठिपका, पुन्हा लांब तुकडा. पहिल्यांदा ती यादी पाहिली तेव्हा मी बराच वेळ काहीच न काढता नुसती बघत बसले होते. प्रत्येक रेघेची चाल वेगळी. एक भरभर जाणारी, एक अडखळणारी, एक दोन पावलं टाकून थांबणारी. पण जसजशी मी गावांत जाऊन माणसांना वाटा विचारू लागले, तसतशी ती यादी अपुरी पडू लागली. त्या रेघा कुठल्या तरी कचेरीत, यंत्रांचे आणि इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांच्या गरजेतून आलेल्या. लपलेली कड दाखवायला आखूड तुकडे, मध्यरेषा दाखवायला लांब तुकडा आणि ठिपका. त्यांचं त्यांच्या जागी बरोबरच आहे. आपल्या ओढ्या-नाल्यांचं त्यांना काय ठाऊक असणार?

भोर तालुक्यातल्या एका गावी ओट्यावर कागद पसरून बसलो होतो. समोर एक म्हातारबाबा, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. मी वाटा विचारत होते, ते बोटाने कागदावर चालत होते. एका जागी बोट थांबलं.

“ही वाट दाव. पर अख्खी नको दावू.”

“का हो आबा? मधे बुजलीय का?”

“बुजली न्हाई गं. पावसाळ्यात नसती. वड्याला पानी आलं का ही बंद. मग त्या वरच्या टेकाडाला वळसा घालून यायचं. दिवाळीला पुन्हा हाईच की.”

वाट आहे, पण वर्षातले चार महिने नाही. यादीतली कुठलीच रेघ हे सांगत नव्हती. आखूड तुकड्यांची रेघ घेतली असती तर बघणाऱ्याला वाटलं असतं, कच्ची वाट आहे. ठिपक्यांची घेतली तर वाटलं असतं, पुसट झाली आहे. ती कच्चीही नव्हती आणि पुसटही नव्हती. चांगली मळलेली, बैल उतरतील अशी वाट होती ती. तिला फक्त ऋतू होता.

त्या रात्री मी तिच्यासाठी रेघ बनवली. आठ भाग रेघ, चार भाग मोकळं. पुन्हा आठ, पुन्हा चार. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या तेवढ्या टप्प्यालाच ती लावली. बाकीची वाट तिच्या नेहमीच्या रेघेत राहिली. नकाशा बघणारा कुणी आठ आणि चार मोजत बसत नाही हे मला माहीत आहे. पण डोळ्याला प्रमाण कळतं. निम्मी-निम्मी तुटलेली रेघ आणि दोन हिस्से असून एक हिस्सा नसलेली रेघ यांतला फरक न मोजताही जाणवतो. दुसरीत आधार अधिक आहे. तिच्यावरून चालत जावंसं वाटतं.

रेघ बनवणं ही करायला अगदी साधी गोष्ट आहे. पूर्वी इंकस्केपमध्ये आपली नवी रेघ यादीत घालायची तर प्रोग्रॅमच्या पसंतीक्रमांची एक फाइल उघडून तिच्यात हाताने ओळ लिहावी लागे. २०२२ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून आकडे थेट तिथल्या तिथे लिहिता येतात. ८, ४. बस. हे आकडे मिलिमीटरचे नसतात. रेघेच्या जाडीच्या पटीत मोजायचे असतात. रेघ जाड केली की तुकडाही लांबतो आणि मोकळी जागाही. मला हे फार योग्य वाटतं. वाट मोठी झाली म्हणून तिची चाल बदलत नाही.

कोरल-ड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच चौकोनांनी करतात. बारीक चौकोनांची एक पट्टी येते. चौकोनावर टिचकी मारली की तो काळा होतो, पुन्हा मारली की पांढरा, आणि सरकपट्टी ओढून नमुना कुठे संपतो ते ठरवायचं. लग्नपत्रिका करणारी मंडळी डोळे मिटून हे करतात. गिंपमध्येही पाथला रेघ देताना अशीच पट्टी मिळते. आकड्यांपेक्षा चौकोनांत मजा अधिक, कारण काळं आणि पांढरं तिथे एकाच मापाचं, एकाच मानाचं असतं. एक टिचकी रेघेची, एक टिचकी मोकळ्या जागेची.

या आकड्यांमागची परंपरा मला आवडते. १९८२ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघांच्या जाती एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेल्या असतात, कुणालाही उघडून वाचता येतील अशा. लांब तुकडा आणि ठिपका यांची रेघ तिथे साधारण अशी लिहितात: .५, -.२५, ०, -.२५. अधिक आकडा म्हणजे पेन टेकलेलं. उणे आकडा म्हणजे पेन उचललेलं. शून्य म्हणजे पेन नुसतं टेकवून उचललेलं, म्हणजेच ठिपका. त्या काळी नकाशे प्लॉटरवर निघत, आणि प्लॉटरला खरोखरच एक पेन असे, खरोखर कागदावर टेकणारं आणि उचललं जाणारं. आज माझ्या पडद्यावर कुठलंही पेन नाही. तरी त्या फाइलीत उणे पाव लिहिलेलं वाचताना हात कागदावरून वर आल्यासारखा वाटतो. पेन उचललेलं असतानाही ते पुढे जातच असतं, एवढं त्या उणे आकड्यात लिहिलेलं आहे. मोकळी जागा हा थांबा नव्हे. तीही प्रवासाचाच भाग, आणि तिलाही लांबी आहे.

आमच्याकडे गोधडी शिवताना धावदोरा घालतात. वरून बघावं तर टाका, मग मोकळं, मग टाका. पण दोरा कुठे तुटलेला नसतो. वर दिसत नाही तेव्हा तो खालून चाललेला असतो, आणि गोधडी उलटी केली की तिथले टाके दिसतात, वरच्या मोकळ्या जागांएवढेच. तुटक रेघ मी याच भावाने काढते. आबांच्या वाटेच्या मोकळ्या चार भागांत पाणी वाहत असतं. वाट त्या पाण्याखाली असते.

पुन्हा आकड्यांच्या परंपरेकडे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ साली आली, तिच्यात तुटक रेघेसाठी एक आज्ञा होती. तिला दोन गोष्टी सांगायच्या: तुकडे आणि मोकळ्या जागा यांची माळ, आणि ही माळ नेमकी कुठून सुरू करायची. पुढे २००१ साली वेबसाठी एसव्हीजी ही चित्रांची मांडणी प्रमाण ठरली, तिनेही हीच रीत उचलली. इंकस्केप आपली चित्रं एसव्हीजीतच ठेवतं. म्हणजे मी ‘८, ४’ लिहिते तेव्हा चाळीस वर्षं जुन्या व्याकरणातलं वाक्य लिहीत असते.

त्या व्याकरणात दोन जागा अशा आहेत की त्यांच्यापाशी मी अजूनही रेंगाळते.

पहिली म्हणजे शून्य लांबीचा तुकडा. तुकडा ०, मोकळं ४ असं लिहिलं तर काय दिसेल? लांबीच नाही, तर काहीच दिसू नये. आणि रेघेची टोकं सपाट ठेवली असतील तर खरंच काही दिसत नाही. रेघ असते, फाइलीत तिची नोंद असते, पडद्यावर मात्र कोरा कागद. पण टोकं गोल करा, आणि लगेच ठिपक्यांची माळ उजळते. गोल टोक म्हणजे तुकड्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या जाडीचं अर्धवर्तुळ. मधे तुकडाच नसल्याने दोन अर्धवर्तुळं एकमेकांना चिकटतात आणि पूर्ण ठिपका होतो. ज्याला लांबी नाही त्यालाही जागा मिळते, फक्त त्याच्या टोकांना गोलाई हवी. पाण्याची टाकी, विसाव्याचे दगड, झऱ्यांची रांग असं काही वाटेवर दाखवायचं झालं की मी हीच रेघ वापरते. तिथे चालणं नसतं. तिथे टेकायचं असतं.

दुसरी जागा म्हणजे विषम संख्या. एसव्हीजीत आकड्यांची माळ सम असावी लागते: तुकडा, मोकळं, तुकडा, मोकळं. तुम्ही तीनच आकडे दिले, समजा ५, ३, २, तर सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. ती माळ पुन्हा एकदा जोडून सहा आकडे करून घेतं. मग पाचाचा तुकडा, तिनाचं मोकळं, दोनाचा तुकडा. आणि पुढच्या फेरीला पाचाचं मोकळं, तिनाचा तुकडा, दोनाचं मोकळं. जे पहिल्या फेरीत भरलेलं होतं ते दुसऱ्या फेरीत रितं, आणि जे रितं होतं ते भरलेलं. कुणी मुद्दाम कवितेसाठी केलेली योजना नव्हे ही. आकडे कमी पडले तर पुढे काय करायचं याचा साधा नियम आहे. पण मला त्यात एक रेघ सापडली. दोन गावांच्या शिवेवरचा बांध कधी एकाच्या पाणक्यांनी राखला, कधी दुसऱ्याच्या. गाळ काढायचा तो एका वर्षी यांनी, एका वर्षी त्यांनी. अशा बांधासाठी मी खाली एका गावाच्या रंगाची सलग रेघ ओढते आणि तिच्यावर दुसऱ्या गावाच्या रंगाची तीन आकड्यांची रेघ ठेवते. जिथे वरची मोकळी तिथे खालची दिसते. एका फेरीत एक गाव ठळक, दुसऱ्या फेरीत दुसरं. कुणाचंच पारडं कायम जड राहत नाही.

हे सगळं हौसेचं वाटेल, पण तुटक रेघेवर आपल्याकडे माणसांची उपजीविका अवलंबून असते. जुन्या गावनकाशात, शंकू-साखळीने मोजणी करून काढलेल्या त्या मोठ्या कागदांवर, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवलेला असतो आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेने. आज त्या जागी नांगर फिरलेला असो की ऊस उभा असो, वाद तहसीलदारांपुढे गेला की पहिल्यांदा तो कागद उलगडतात. बैलगाडी जायची का, की फक्त माणूस? रेघ दुहेरी आहे की एकेरी, त्यावर बरंच काही ठरतं. शेतावर जायच्या कित्येक वाटा तर त्या नकाशांत आल्याच नाहीत. त्यांच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १४३ आहे, बांधावरून जायच्या हक्काचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा मोजणीदाराने टाक उचलून ठेवलेल्या त्या बारीक मोकळ्या जागांमधून आजही कुणाचं खत शेतात पोचतं, कुणाची तूर घरी येते. म्हणून मी नवी रेघ बनवते तेव्हा ती नुसती देखणी झाली यावर समाधान मानत नाही. या रेघेकडे बघून उद्या कुणी काय समजेल, हे मला आधी माझ्याशीच बोलून घ्यावं लागतं.

आता रुळांकडे येते, कारण रेघेची एक विलक्षण गंमत रुळांत आहे. आगगाडीचा मार्ग दाखवताना मधे एक बारीक सलग रेघ आणि तिच्यावर आडवे पट्टे, हा सगळ्यांच्या ओळखीचा नमुना. ते पट्टे एकेक करून काढायचे नसतात. तीच वाट दुसऱ्यांदा घ्यायची आणि तिला जाडी द्यायची ३ मिलिमीटर, तुकडा ०.१ आणि मोकळं १. तुकडा जाडीच्या एक दशांश, म्हणजे ०.३ मिलिमीटर लांब; पण जाडीला ३ मिलिमीटर. लांबीपेक्षा जाडी दहापट! असा तुकडा डोळ्याला तुकडा वाटतच नाही, तो वाटेला आडवा पडलेला स्लीपर वाटतो. रेघ जायची एका दिशेला, दिसते आडव्या दिशेला. दर ३.३ मिलिमीटरला एक, आणि वळणावर आतल्या बाजूला थोडे जवळ, बाहेरच्या बाजूला थोडे फाकलेले, अगदी खऱ्या रुळांसारखे. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. जाड रेघ वळली की ते आपोआप होतं.

विदर्भातल्या एका लेखासाठी मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणाऱ्या अडीच फुटी रुळांचा नकाशा हवा होता. लोक जिला शकुंतला म्हणतात ती गाडी. आता त्या मार्गावर गाडी धावत नाही. पण म्हणून तो मार्ग पुसून टाकायचा का? बंद पडलेल्या रेल्वेला कित्येक नकाशे फिकट राखाडी रंग देतात, आणि मला ते पटलं नाही. रुळांच्या दोन रेघांतली कुठली काय सांगते ते मी वेगवेगळं करून पाहिलं. मधली रेघ म्हणजे धावणं. आडवे पट्टे म्हणजे जमिनीवर पडलेलं ओझं, भराव, खडी, लाकूड. मग जिथे गाडी थांबली आहे तिथे मी मधली रेघ तोडली आणि पट्टे तसेच अखंड ठेवले. जिथे रूळच राहिले नाहीत तिथे मधली रेघ काढून टाकली आणि नुसते पट्टे ठेवले, कारण भराव अजून ओळखू येतो. चालू मार्गासकट तीन अवस्था, रंग एकच, काळा. तो नकाशा पाहून एका वाचकाने फोनवर विचारलं, हे नुसते पट्टे म्हणजे आमच्या शेतामागचा भराव ना? मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

कोपऱ्यांचं आणि तिठ्यांचं काम मात्र किचकट. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या वर्गात शिकवतात की दोन तुटक रेघा भेटतील तिथे तुकड्याने तुकड्याला भेटावं, मोकळ्या जागेने नव्हे. हाताने काढणारा माणूस हे सहज सांभाळायचा. कोपरा जवळ आला की तुकडा जरा आखूड, जरा लांब करायचा. यंत्र आकड्यांचं इमानी, ते कोपरा बघत नाही. अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये तुकड्यांची आणि मोकळ्या जागांची अशी सहा घरं असतात, आणि २०१० च्या आवृत्तीत तुकडे कोपऱ्यांशी आणि टोकांशी जुळवून घेण्याची एक सोय आली. एसव्हीजीत तशी सोय नाही, त्यामुळे मी रेघ तिठ्यावर तोडून तीन वेगळ्या रेघा करते आणि प्रत्येकीची माळ कुठून सुरू व्हावी ते हाताने सरकवते. यात वेळ जातो. पण विहिरीपाशी दोन वाटा भेटत असतील आणि नकाशात नेमकी तिथे मोकळी जागा पडली, तर बघणाऱ्याला वाटेल की या आळीची माणसं त्या विहिरीवर जातच नव्हती. गावाच्या इतिहासात हा लहान फरक नाही.

वळणांवर तुकडे सारखे पडावेत म्हणून सॉफ्टवेअर जे करतं तेही बघण्यासारखं आहे. वळण ठरतं चार बिंदूंवर. हे गणित रेनॉ मोटार कंपनीतल्या पिअर बेझिए यांच्या नावाने चालतं, सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं होतं. या वळणाची लांबी एका सूत्रात निघत नाही. म्हणून यंत्र ते अगदी लहान लहान सरळ तुकड्यांत मोडतं आणि मोजत मोजत जातं. जमीन साखळीने मोजणाऱ्यांनीही घाटाचं वळण असंच मोजलं असणार.

गिंपमध्ये गेलं की सगळी दुनिया बदलते. तिथे हाताने ओढलेली रेघ गणिताने नव्हे, ब्रशच्या ठशांनी बनते. ब्रश म्हणजे एक लहानसं चित्र, आणि रेघ म्हणजे ते चित्र पुन्हा पुन्हा उमटवणं. दोन ठशांमधलं अंतर कमी ठेवलं तर ठसे एकमेकांवर चढतात आणि सलग रेघ वाटते. अंतर ठशाच्या रुंदीहून जास्त केलं की प्रत्येक ठसा सुटा दिसतो. म्हणजे पडद्यावरची सलग रेघही मुळात तुटकच, आपण तिचे तुकडे दाट बसवलेत इतकंच. हे समजल्यावर मी फरसबंदी घाटवाटांसाठी माझा ब्रश बनवायला घेतला. नाणेघाटाच्या नकाशासाठी. जुन्नर आणि कोकण यांना जोडणारी सातवाहनांच्या काळापासूनची ती वाट, कड्याच्या खाचेतून दगडी पायऱ्यांवरून उतरणारी. तिला कंप्युटरने पाडलेले गुळगुळीत चौकोन शोभले नसते. बोरू शाईत बुडवून जाड कागदावर मी पुष्कळ ठसे उमटवले. काही भरीव, काही शाई संपत आलेले, काही कडेला फाटलेले. ते स्कॅन करून, त्यांतले निवडक घेऊन, गिंपच्या ‘ब्रश पाइप’ प्रकारात एकत्र बांधले. या प्रकारात प्रत्येक वेळी त्यांतला कुठलाही ठसा यावा असं ठरवता येतं. वाट ओढली आणि एकही दगड शेजारच्यासारखा पडला नाही. पायाखाली दगड हलतोय की काय असं वाटावं इतपत ओबडधोबड. तो ब्रश मी अजून जपून ठेवला आहे आणि दुसऱ्या कुठल्या वाटेला वापरलेला नाही.

छापखान्याचा धाक या सगळ्यावर असतो. पडद्यावर मोकळी दिसणारी जागा कागदावर शाई पसरली की भरते, विशेषतः स्वस्त, खरबरीत कागदावर. गोल टोकं आधीच मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी जाडी घुसलेली असतात. जाडीएवढंच मोकळं ठेवलं तर गोल टोकं एकमेकांना टेकतात आणि रेघ सलग होऊन बसते. मग चार महिने बंद असणारी वाट छापील नकाशात बारमाही होते! म्हणून पुस्तकासाठीच्या नकाशात मी सपाट टोकं घेते, मोकळी जागा थोडी मोठी धरते आणि आधी त्याच कागदावर एक प्रत काढून ती खिडकीशी नेऊन बघते.

उजनी धरणासाठीची रेघ अशीच कागदावर सुटत सुटत जमली. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी खूप उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं, माणसं होड्यांनी आणि चालत बघायला जातात. देवळाकडे जाणाऱ्या जुन्या गल्ल्या दाखवायच्या होत्या. पाण्याच्या निळ्या रंगावर काळी तुटक रेघ घातली तर जमीन आहे असं वाटत होतं. शेवटी तुकडे पांढरे केले आणि त्यांचा पक्केपणा निम्म्यावर आणला, म्हणजे खालचा निळा त्यांच्यातून दिसू लागला. तुकडा ३, मोकळं ९. पाणी आहे, आणि त्याच्या तळाशी पांढुरकी गल्ली आहे, हे एका नजरेत यावं इतकं झालं.

प्रत्येक नव्या रेघेबरोबर खुणांच्या यादीत एक ओळ वाढते. ‘पावसाळ्यात बंद.’ ‘दोन गावांनी आळीपाळीने राखलेला बांध.’ ‘रूळ आहेत, गाडी नाही.’ ‘धरणाखालची गल्ली.’ संपादक कधी कधी विचारतात, एवढ्या प्रकारच्या रेघा हव्यातच का, तीन पुरे नाहीत का? जागेची अडचण मला कळते. पण यादी हा माझ्या दृष्टीने नकाशाचा जीव आहे. आपण बनवलेली रेघ यादीत शब्दांनी सांगितली नाही तर ती नुसती नक्षी होते, आणि वाटांची नक्षी करायला मला आवडत नाही. तीनच रेघा ठेवायच्या म्हणजे आबांच्या वाटेला आणि पळसदेवच्या गल्लीला एकच नाव द्यायचं. ते मी देणार नाही.

सध्या अडले आहे ती मेंढपाळांच्या वाटेवर. फलटण, माण भागातले धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात हिंडतात आणि पाऊस यायच्या आत परत वर येतात. जाताना आणि येताना वाट एकच असेल असं नाही. शिवाय ती वाट म्हणजे रेघ नव्हेच, गवताप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे रुंद-अरुंद होणारा पट्टा आहे. पट्ट्यासाठी मी एकाऐवजी पाच-सहा बारीक रेघा जवळजवळ ठेवून पाहिल्या, प्रत्येकीची माळ वेगळ्या जागेवरून सुरू केलेली, म्हणजे तुकडे एका ओळीत येणार नाहीत आणि कळप पसरून चालल्यासारखा दिसेल. तेवढं जमलं.

मुक्काम मात्र जमत नाहीत. कळप कुठे थांबतो ते शेतकऱ्यांवर असतं. ज्याला शेतात खत हवं तो मेंढ्या बसवून घेतो, धान्य देतो, पैसे देतो, आणि कळप तिथे एक-दोन रात्री राहतो. एका मेंढपाळबाईंनी मला मुक्कामाची गावं सलग सांगितली, एका दमात, आणि मग म्हणाल्या, “ह्या वर्षीची सांगितली. गेल्या वर्षी दोन वायली होती.” माझ्या सगळ्या रेघांचा आधार पुनरावृत्ती आहे: आठ-चार, आठ-चार. मुक्कामांना तशी पुनरावृत्ती नाही. एक पाच कोसांवर, दुसरा दोन कोसांवर, तिसरा शेतमालकाच्या शब्दावर. कुठलीही माळ लिहिली तरी ती खोटी ठरते. तेव्हा इथे मुक्कामांची रेघ बनवायची नाही, इतकं मी ठरवलं आहे. पट्टा रेघांचा राहील. मुक्काम एकेक करून हाताने ठेवायचे, शून्य लांबीचे आणि गोल टोकांचे, प्रत्येकाशेजारी गावाचं नाव आणि वर्ष. त्यासाठी मुक्काम स्वतः बघायला हवेत. येत्या दिवाळीनंतर त्या बाईंचा वाडा, म्हणजे कळपांसह एकत्र फिरणारी कुटुंबं, निघाला की फलटणपासून घाटमाथ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालायचं आहे. त्यांनी एकच अट घातली आहे: मागे रेंगाळायचं नाही, मेंढ्या थांबत नाहीत.